दीडशे बाळंतपणं

बीपीचा पट्टा निकिताने तिसऱ्यांदा बांधायला घेतला, तेव्हा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या चांगुणाबाईंनी विचारलं, "मशीन खराब हाय का, बाई?"

"नाही मावशी, मशीन चांगलं आहे."

मशीन खरोखरच चांगलं होतं. निकिताचा भरवसा नव्हता तो स्वतःच्या कानांवर. पहिल्या वेळी एकशे पन्नास बाय शंभर आलं होतं, दुसऱ्यांदा एकशे अठ्ठेचाळीस, आणि आता तिसऱ्यांदा तिच्या स्वतःच्याच छातीतली धडधड कानात एवढी वाजत होती की टेबलावरच्या बाईचं बीपी कोणतं आणि आपलं कोणतं हे तिला उमगेना. टेबलावरची बाई म्हणजे अश्विनी, चांगुणाबाईंची धाकटी सून. ती पंख्याकडे बघत, ओठ मिटून, शांतपणे कळा सोसत होती. तिचं हे दुसरं बाळंतपण होतं. निकिताचं पहिलंच. म्हणजे करायचं.

निकिता औटी पारनेर तालुक्यातली. वडिलांचं गावात दूध संकलन केंद्र. नगरला राहून तिने नर्सिंगचा कोर्स केला, पहिल्या वर्गात पास झाली, आणि सहा दिवसांपूर्वी शेवगावच्या पुढे एका ग्रामीण रुग्णालयात प्रसूतिकक्षातली कंत्राटी सिस्टर म्हणून रुजू झाली. तिच्या कॉलेजच्या वहीत वीस बाळंतपणं पाहिल्याची नोंद होती आणि प्रत्येक नोंदीखाली सही होती. खरी गोष्ट अशी की प्रत्येक वेळी टेबलाभोवती अकरा मुली उभ्या असायच्या, उंच मुली पुढे सरकायच्या आणि निकिताची उंची चार फूट दहा इंच होती. त्यामुळे वीस बाळंतपणांत तिने मुख्यतः मैत्रिणींच्या पाठी पाहिल्या होत्या. रडण्याचा आवाज आला की मूल झालं हे तिला कळायचं.

पहिले पाच दिवस तिने रजिस्टरं भरली, हत्यारं निर्जंतुक करायला लावली, बाळांची वजनं केली. आज सकाळी मात्र हमिदा सिस्टरांनी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं की आजची पहिली केस निकिताची. त्या शेजारी उभ्या राहतील, पण हात लावणार नाहीत. हमिदा सिस्टर अठ्ठावीस वर्षं याच कामात होत्या. तालुक्यातली अर्धी शाळकरी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, आणि बाजारात भेटली की त्या त्यांना नावाने नव्हे, वजनाने ओळखायच्या. त्यांनी निकिताला एकच गोष्ट बजावली होती. पेशंटसमोर 'मी नवीन आहे' असं चुकूनही म्हणायचं नाही, पेशंट घाबरतो. निकिताने पुस्तकातल्या सगळ्या सूचना जशा पाठ केल्या होत्या तशी हीही केली.

आणि अश्विनीला टेबलावर घेतलं, तेवढ्यात हमिदा सिस्टरांना लसीकरणाच्या खोलीतून बोलावणं आलं. पाच मिनिटांत येते म्हणून त्या गेल्या.

चांगुणाबाई स्टुलावरून उठल्या आणि जवळ आल्या. साठीच्या, वाळक्या अंगाच्या, कपाळाला ठसठशीत कुंकू. त्यांनी निकिताला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी लई ल्हान दिसता. आत्तापत्तूर किती बाळंतपनं केली?"

एकही नाही, हे सांगायची बंदी होती. वीस म्हणावं तर ती वहीतली होती, आणि वीस हा आकडा काही कोणाला धीर देणारा नव्हता. शंभर म्हटलं तर ठोकून दिल्यासारखं वाटलं असतं. पाचशे वयाला शोभलं नसतं.

"दीडशे," ती म्हणाली.

अश्विनीने पहिल्यांदाच पंख्यावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी "आसं का" एवढंच म्हटलं आणि बटणांचा मोबाईल घेऊन त्या बाहेर गेल्या.

निकिताने चौथ्यांदा पट्टा बांधला. पुन्हा एकशे पन्नास बाय शंभर. अश्विनीचे पाय तिने बोटाने दाबून पाहिले, खड्डा पडला आणि तसाच राहिला. तिच्या कार्डावर मागच्या महिन्याचं बीपी एकशे वीस लिहिलेलं होतं. तिने लघवीचा नमुना घेतला, पट्टी बुडवली आणि पट्टीचा रंग डबीवरच्या रंगांशी जुळवत खिडकीपाशी इतका वेळ उभी राहिली की बाहेरच्या सफाईवाल्या बाईला वाटलं, सिस्टर काही तरी वाचतेय. पट्टी हिरवी झाली होती. लघवीतून प्रथिनं जात होती. बीपी आणि ही हिरवी पट्टी एकत्र आली की काय होतं, त्याचं पान तिच्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं उभं राहिलं. झटके हा शब्द त्या पानावर ठळक अक्षरांत होता.

डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात होते आणि त्यांच्यासमोर शंभरेक माणसांची रांग होती. निकिताने निरोप पाठवला. डॉक्टर येईपर्यंत जो अर्धा तास गेला, त्या अर्ध्या तासात दीडशेचं काय झालं ते तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

चांगुणाबाईंनी पहिला फोन केला तो शेजारच्या वस्तीवरच्या आपल्या बहिणीला, बनुबाईला. दीडशे बाळंतपणं केलेली सिस्टर आलीय, काळजी करू नको, असं सांगितलं. बनुबाईच्या मुलीला पाचवा महिना होता. ती मुलीला घेऊन निघाली. निघताना शेजारणीला सांगितलं. शेजारणीने स्टँडवर सांगितलं. स्टँडवरून दवाखान्यापर्यंत येताना आकड्याला कोणी तरी एक शून्य जोडलं. साडेदहाच्या सुमाराला प्रसूतिकक्षाच्या बाहेरच्या बाकावर पाच गरोदर बायका आणि त्यांच्या सात नातेवाईक बसल्या होत्या, आणि सगळ्यांना नगरहून आलेली ती मोठी सिस्टर हवी होती. निकिता दारातून डोकावली तेव्हा त्यांनी तिला, बाई, जरा त्या मोठ्या सिस्टरांना बोलवता का, असं विचारलं. ती मान हलवून आत आली आणि दार लावून घेतलं.

एवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर मफलर गुंडाळलेला एक शेतकरी उभा होता. त्याने आपलं नाव गोरक्षनाथ सांगितलं. त्याची म्हैस पहाटेपासून अडली होती.

"हे माणसांचं हॉस्पिटल आहे, काका."

"ते दिसतंय मला. पन दीड हजार बाळंतपनं म्हंजी काय थोडीथोडकी न्हाईत. तुमाला कळत आसंल."

दुर्दैवाने निकिताला कळत होतं. दूध केंद्रवाल्याची मुलगी होती ती. दोरी बांधून ओढू नका, म्हशीला उभी ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना ताबडतोब बोलवा, असं तिने पटकन सांगून टाकलं. गोरक्षनाथ समाधानाने निघाला. जाताना बाकावरच्या बायकांना तो सांगून गेला की बाईंना म्हशीतलंसुद्धा कळतं.

डॉक्टर आले. त्यांनी स्वतः बीपी घेतलं, पट्टी पाहिली, अश्विनीला तपासलं. मग निकिताकडे वळून, बरं लक्षात आलं, असं म्हणाले. गेल्या सहा दिवसांत कोणी तिला चांगलं म्हटलं ते हेच, आणि त्याचा आनंद व्हायला तिला वेळच मिळाला नाही, कारण पुढच्याच वाक्यात डॉक्टरांनी सांगितलं की हे बाळंतपण इथे करायचं नाही. इथे रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही. पेशंटला नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटरच उघडलंय, वेळ आहे. त्यांनी अश्विनीला बीपीची गोळी दिली, चिठ्ठी लिहिली आणि ते रांगेकडे परत गेले.

चांगुणाबाई म्हणाल्या, न्हाई.

दीडशे बाळंतपणं केलेली बाई इथे असताना नगरला कशाला जायचं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हमिदा सिस्टर आल्या, त्यांनी समजावलं. डॉक्टर पुन्हा येऊन समजावून गेले. अश्विनीच्या नवऱ्याला, रविराजला, चाकणच्या कंपनीत फोन लावला. आई म्हणेल तसं करा, असं तो म्हणाला आणि त्याच्या सुपरवायझरने त्याला बोलावलं. बाकावरच्या बायका उठून दारात आल्या होत्या. बनुबाईचं मत होतं की दवाखानेवाल्यांना काम नको असलं की ते नगरला पाठवतात. अश्विनीला कोणीच काही विचारलं नाही. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते आणि कळा आता जवळजवळ येत होत्या.

हमिदा सिस्टरांनी निकिताला कोपऱ्यात ओढलं आणि हळू आवाजात विचारलं, "दीडशे कोणी सांगितलं यांना?"

"मीच."

हमिदा सिस्टरांनी डोळे मिटून घेतले. "निकिता, नवीन आहेस हे सांगू नको म्हटलं होतं. आकडे सांग म्हटलं नव्हतं."

"सिस्टर, मग मी काय सांगायला हवं होतं?"

"मोठ्या सिस्टर येतायत, एवढं सांगायचं. मी काय मेले होते का?" मग त्यांनी निकिताच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "आता तूच जा. खरं सांग त्यांना. दुसऱ्या कोणाचं त्या ऐकणार नाहीत."

निकिताने चांगुणाबाईंना बाहेर बोलावलं. पाण्याच्या टाकीपाशी कोणी नव्हतं, तिथे त्या दोघी उभ्या राहिल्या.

"मावशी, मी खोटं बोलले. मी दीडशे बाळंतपणं केलेली नाहीत. एकही केलेलं नाही. आज पहिलंच होतं." तिने श्वास घेतला. "पण अश्विनीताईंचं बीपी खरंच जास्त आहे. त्यांना झटके येऊ शकतात. आले तर त्यांना आणि बाळाला वाचवायला लागतं ते सामान इथे नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण त्यांना नगरला न्या."

चांगुणाबाईंनी पदर नीट केला.

"बरं," त्या म्हणाल्या. "जाऊ नगरला. पन तुमी संगं यायचं."

"मावशी, मी म्हणाले, एकही नाही."

"आयकलं मी. बहिरी न्हाई मी."

निकिताला वाटलं, यांना पटलेलं नाही. लोकांना नको असलेलं खरं सांगितलं की ते ऐकून घेतात आणि सोडून देतात, तसं काही तरी. पण वाद घालायला वेळ नव्हता. हमिदा सिस्टरांनी तिच्या हातात बाळंतपणाच्या सामानाची निर्जंतुक पेटी दिली, इंजेक्शनं दिली, नगरच्या दवाखान्यात फोन करून पेशंट येत असल्याचं कळवलं. वाटेत काही होणार नाही, चार सेंटिमीटरच आहे, पण झालंच तर मला फोन लाव, मी सांगत जाईन, असं त्या म्हणाल्या. गाडीवर बाबाजान होते. रुग्णालयाची गाडी ते बावीस वर्षं चालवत होते. त्यांनी निकिताला, घाबरू नको बेटा, माझ्या गाडीत सात पोरं झालीत, असं सांगितलं. निकिताला त्यातलं फक्त 'गाडीत पोरं होतात' एवढंच ऐकू आलं.

पहिला पाऊण तास बरा गेला. निकिता दर दहा मिनिटांनी बीपी घेत होती. अश्विनी डाव्या कुशीवर झोपली होती, आणि कळ आली की निकिताचं मनगट धरत होती. जानेवारी महिना, कारखान्यांचा हंगाम भरात. रस्त्यात दोन दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मधे बैलगाड्या. बाबाजान कोणाला हॉर्न देत, कोणाला हात करत पुढे काढत होते. मग एक पूल ओलांडला, आणि पुलाच्या पुढे अर्ध्या किलोमीटरवर गाडी थांबली.

एक ट्रॉली रस्त्याच्या मधोमध उलटली होती. ऊस दोन्ही बाजूंना पसरला होता. पुढे वीसेक वाहनं, मागे बघता बघता तितकीच. बाबाजान उतरून बघून आले. ऊस हलवायला माणसं लागलीत, अर्धा तास तरी जाईल, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हा अश्विनी बोलली. सकाळपासून ती पहिल्यांदाच आपण होऊन बोलत होती.

"सिस्टर, खाली जोर येतोय मला."

निकिताने तपासलं. चार सेंटिमीटर कुठेच नव्हते. बाळाचं डोकं आलं होतं.

तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की आपण गाडीतून उतरून उसात पळून जावं. दुसरी ही की आपल्या आईला फोन करावा. तिसऱ्या वेळी तिने हमिदा सिस्टरांचा नंबर लावला. पलीकडे "हां, बोल" ऐकू आलं आणि तिला रडू आवरेनासं झालं. डोकं दिसतंय, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, असं तिने कसंबसं सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं की हातमोजे घातल्यावर फोन धरता येणार नाही. तिने फोन चांगुणाबाईंच्या हातात दिला.

"मावशी, कानाला लावा. सिस्टर काय सांगतात ते मला सांगत राहा. आणि मी काय म्हणते ते त्यांना सांगा."

चांगुणाबाईंनी फोन कानाला लावला आणि सुनेच्या डोक्याशी मांडी घालून बसल्या. बाबाजान बाहेर उतरून गाडीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. मागच्या ट्रॅक्टरवर ऊसतोडीच्या बायका होत्या. त्यांना बघून कळलं असावं, कारण त्या उतरून आल्या आणि गाडीच्या खिडक्यांकडे पाठ करून, पदर पसरून ओळीने उभ्या राहिल्या.

निकिताने हात धुतले, मोजे घातले, पेटी उघडली. पेटीतल्या वस्तू तिने कॉलेजात डोळे मिटून मांडल्या होत्या. आता डोळे उघडे असून तिला कात्री सापडेना. कात्री हातातच होती.

"सिस्टर काय म्हणतात?"

"म्हनत्यात, सावकाश कर. घाई कुनाला न्हाई."

निकिताने खाली स्वच्छ कापड अंथरलं. अश्विनीला कळ आली. निकिताने एका हाताने आधार दिला, दुसरा बाळाच्या डोक्यावर ठेवला, पुस्तकात होता तसाच.

"डोकं येतंय. ताई, आता जोर नको, तोंडाने श्वास घ्या. मावशी, सिस्टरांना सांगा, डोकं बाहेर आलंय."

"सांगितलं. त्या म्हनत्यात, बराबर चाललंय."

निकिताने बाळाच्या मानेपाशी बोट फिरवलं. मानेभोवती नाळेचा वेढा होता.

"नाळ अडकलीय मानेला. विचारा त्यांना, काय करू?"

चांगुणाबाई क्षणभर फोन कानाशी घट्ट धरून ऐकत राहिल्या.

"त्या म्हनत्यात, तुला काय वाटतं?"

"सैल आहे. बोट जातंय आतून. डोक्यावरून काढता येईल."

"त्या म्हनत्यात, मंग काढ."

निकिताने नाळ हलकेच ओढून डोक्यावरून सोडवली. पुढच्या कळेला खांदे आले, आणि मग सगळं एकदम, निसटतं, गरम, निकिताच्या दोन्ही हातांत आलं. मुलगी होती. निळसर होती. आणि रडत नव्हती.

अश्विनी मान उचलून बघायला लागली. बाहेरच्या बायका पाठमोऱ्याच होत्या, पण त्यांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या होत्या. निकिता मुलीला अश्विनीच्या पोटावर ठेवून टॉवेलने पुसत होती, पाठ चोळत होती, तोंड पुसत होती. ती मोठ्याने सेकंद मोजत होती. सिस्टर काय म्हणतात, हे विचारायचं ती विसरली. निकिताने पुन्हा पाठ चोळली, तळव्यांवर टिचकी मारली. मुलीने तोंड वाकडं केलं, शिंकल्यासारखं केलं, आणि मग अशी रडली की पुढच्या बैलगाडीचे बैल बुजले.

मागच्या ट्रॅक्टरवाल्याने आनंदाने हॉर्न वाजवला. बाबाजान त्याच्या अंगावर गेले. लेकरू दचकेल, एवढी अक्कल नाही का, म्हणून त्याला त्यांनी हॉर्नपेक्षा मोठ्या आवाजात झापलं.

काम संपलं नव्हतं. निकिताच्या समोर दोन इंजेक्शनं होती. रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायची. त्यातलं एक बीपी असलेल्या बाईला चालत नाही, आणि त्या घटकेला दोन्ही नावं तिला सारखीच दिसत होती.

"मावशी, सिस्टरांना विचारा. बीपी आहे, तर यातलं कोणतं देऊ?"

चांगुणाबाई पुन्हा ऐकत राहिल्या. या वेळी जरा जास्त.

"त्या म्हनत्यात, तू काय शिकलीस ते सांग."

निकिताने डोळे मिटले. पान समोर आलं. "मेथर्जिन द्यायचं नाही, त्याने बीपी वाढतं. ऑक्सिटोसिन द्यायचं."

"त्या म्हनत्यात, तसंच कर. पन नाव येकदा वाचून बघ."

निकिताने नाव वाचलं, पुन्हा वाचलं आणि ऑक्सिटोसिन दिलं. नाळेला चिमटे लावले, नाळ कापली. थोड्या वेळाने वार पडली, ती पूर्ण आहे का हे तिने तपासलं. रक्तस्राव बेताचा होता. बीपी एकशे चाळीस बाय नव्वद. मुलगी गुंडाळून अश्विनीच्या छातीशी दिली. मग ती गाडीच्या फरशीवर बसली आणि तिला कळलं की आपले दात वाजतायत.

तिने मोजे काढले आणि हात पुढे केला. "द्या मावशी, सिस्टरांशी बोलते."

चांगुणाबाईंनी फोन दिला. स्क्रीन काळी होती. निकिताने बटण दाबलं. फोन बेचाळीस सेकंद चालला होता. वरच्या कोपऱ्यात रेंज नव्हती, एक कांडीसुद्धा.

"मावशी, फोन कधी बंद पडला?"

"तुमी दिला तवाच. नुसतं खरखरलं आन् गेलं."

"मग सिस्टर काय म्हणत होत्या?"

"आता त्या काय म्हनल्या आसत्या, त्येच मी म्हनले," चांगुणाबाई म्हणाल्या. "बंद पडला म्हून सांगितलं आसतं तर तुमी उतरून पळाला आसता."

निकिताला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच समजलं नाही. दाराबाहेरून बाबाजान म्हणाले की या पुलापासून पुढचे चार किलोमीटर रेंज कधीच टिकत नाही, आली तरी मिनिटभरात जाते, बावीस वर्षांपासून त्यांना माहीत आहे. मग आधी का नाही सांगितलं, असं निकिताने विचारलं. मला कोणी विचारलं नाही, असं ते म्हणाले.

ऊस बाजूला झाला, गाडी निघाली. चांगुणाबाई नातीच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्या निकिताकडे न बघताच बोलल्या.

"दीडशे म्हनताना तुमचं कान लाल झालं हुतं. मला सकाळीच कळलं. बहिनीला दीडशे सांगितलं, ते तिला धीर यावा म्हून."

"मग नगरला यायला नाही का म्हणालात?"

"माज्या थोरल्या सुनेच्या येळी लांबच्या एका दवाखान्यात गेल्तो. तितली बाई लई जुनी, लई आनुभवी. हात न लावता म्हनली, समदं बराबर हाय, जा झोपा." त्यांनी नातीच्या अंगावरचं कापड नीट केलं. "न्हवतं बराबर. तवापसून मी ठरवलंय. जे मानूस भेत न्हाई, त्याच्या हातात आमची पोर द्यायची न्हाई. तुमी सोडून दुसऱ्या कुनाकडं जायाचं मला भ्या वाटत हुतं, म्हून न्हाई म्हनले."

अश्विनीने तेवढ्यात डोळे उघडून निकिताला सांगितलं की ती मघापासून एकोणीस, वीस, एकवीस असं मोठ्याने मोजत होती आणि ते ऐकून तिला बरं वाटत होतं. निकिताला ते आठवत नव्हतं.

रेंज आली तेव्हा हमिदा सिस्टरांचे एकतीस कॉल येऊन गेल्याचं दिसलं. निकिताने फोन लावला. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, असं तिने सांगितलं, तेव्हा हमिदा सिस्टरांनी एवढंच विचारलं, "वजन किती?" नगरला गेल्यावर निकिताने कळवलं, दोन किलो सातशे ग्रॅम. नगरच्या डॉक्टरांनी अश्विनीला ताब्यात घेतलं, चार दिवस ठेवून घेतलं, बीपी उतरलं आणि मायलेकी सुखरूप घरी गेल्या.

पुढच्या पंधरा दिवसांत निकिताने हमिदा सिस्टरांच्या शेजारी उभं राहून पाच बाळंतपणं केली. तिचा हात बसायला लागला. सामान मांडताना कात्री सापडायला लागली. सकाळी ड्यूटीवर येताना भीती वाटेना. एके दिवशी तर ती काम करता करता गुणगुणत होती, असं सफाईवाल्या बाईने हमिदा सिस्टरांना सांगितलं.

त्याच दुपारी एक म्हातारी गरोदर सुनेला घेऊन आली. भागूबाई तिचं नाव. ती चांगुणाबाईंच्या वस्तीच्या पलीकडची. हमिदा सिस्टर दारातच होत्या, त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. भागूबाईने त्यांना बाजूला केलं.

"आमाला तुमी नगं. ती भेनारी शिस्टर कुठं हाय? चांगुणानं सांगितलंय, तिलाच दाखवायचं."

हमिदा सिस्टरांनी आत बोट दाखवलं. भागूबाई आत आली, निकितासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे नीट बघू लागली. हात बघितले. हात स्थिर होते. भागूबाईचा चेहरा पडला.

"तुमीच का त्या? पन तुमी तर भ्यालेल्या दिसत न्हाई."

निकिता काही तरी धीराचं बोलणार होती. तिने टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिलेल्या सुनेकडे पाहिलं. एकोणीस-वीस वर्षांची पोर, ओठ कोरडे, एक हात पोटावर. पोटात काय आहे, ते अजून कोणाला माहीत नव्हतं. पुलापलीकडची गाडी आणि हातातली ती निळसर मुलगी निकिताला आठवली.

"भीती वाटते मावशी," ती म्हणाली. "खूप वाटते."

भागूबाईने सुटकेचा श्वास टाकला, पिशवी खाली ठेवली आणि सुनेला म्हणाली, "चढ टेबलावर."